नौकाविहार आणि पनवेलची खाडी

आमच्या पनवेल शहरात बंदर रोड नावाचा एक रस्ता आहे. गेल्या पौषात आमच्या आठ वर्षांच्या नातीने त्या रस्त्याची पाटी मोठ्याने वाचली आणि आम्हांस विचारले, “आजोबा, इथे बंदर कुठे आहे?” ज्याने सारा जन्म मुलांस प्रश्न विचारण्यात घालविला, त्यास इतक्या साध्या प्रश्नाचे उत्तर सुचू नये, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे. आम्ही हात करून दिशा दाखविली. त्या दिशेस तिला दिसली ती घरे, गाड्या, एक पूल, आणि पुलाखालची काळपट पाण्याची पट्टी. “हे तर गटार आहे,” ती म्हणाली. आपल्या गावच्या खाडीस आपल्याच घरातील मुलाने गटार म्हणावे, आणि त्याबद्दल तिला रागे भरण्यास आपल्याजवळ सबळ कारण नसावे, याचे आम्हांस फार वाईट वाटले.

पुढे चारच दिवसांनी आमचा पुतण्या बर्मिंगहॅमहून रजेवर घरी आला. विलायतेत सात वर्षे राहून त्यास होडीने हिंडण्याचा नाद लागला आहे. आल्या दिवशीच रात्रीच्या पानावर तो म्हणाला, “काका, आपल्या खाडीत एकदा होडीने फिरून येऊ.” झाले! महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय म्हणून नव्हता. त्या चर्चेतून आम्हांस काही गोष्टी नव्याने कळल्या, आणि एक जुनी गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागली. त्या सर्व वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

पनवेल बंदर होते तेव्हा

आजच्या तरुणांस पनवेल म्हटले की रेल्वेचे स्थानक व रस्त्यांचे जाळे आठवते. परंतु या गावाचा उत्कर्ष झाला तो पाण्यामुळे. मुंबई बेटातून पुण्यास जावयाचे तर होडीत बसून बंदर ओलांडावे, खाडीने आत शिरून पनवेलास उतरावे आणि तेथून घोड्यावर, मेण्यात किंवा पायी बोरघाट चढावा, असा क्रम कित्येक पिढ्या चालू होता. 1778 साली मुंबईकर इंग्रजांचे सैन्य पुण्यावर चालून निघाले तेही पनवेलासच उतरले. जानेवारी 1779 मध्ये वडगावास त्याची जी गत झाली ती इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. 1809 साली मरिया ग्रॅहॅम या इंग्रज लेखिकेनेही पुण्याचा प्रवास याच मार्गाने केला. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर तर पनवेलच्या धक्क्यास अधिकच महत्त्व आले. एकीकडून मचवे व पडाव लागत, दुसरीकडून बैलगाड्या. पनवेलची गाडीची चाके नावाजलेली होती, त्याचे मूळही या वाहतुकीतच आहे. 1852 साली येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरूनही गावाचा त्या वेळचा दर्जा कळून येईल.

या प्रवासाचा खरा स्वामी मात्र नाखवाही नव्हे व उतारूही नव्हे; तो चंद्र. पनवेलची खाडी उथळ व गाळाची. भरतीच्या पाण्यावर आत यावे, भरतीच्याच पाण्यावर बाहेर पडावे. मध्ये चुकलात तर चिखलात बसून राहावे. म्हणून किनाऱ्यावरील कोळी व आगरी बांधवांनी एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पाठ ठेविला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता, दिवसा एकदा व रात्री एकदा, पूर्ण भरती असते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. खाडीत जो जो आत शिरावे तो तो यास थोडा अधिक उशीर लागतो. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून किंचित जास्त पुढे सरकते, हे आम्ही भूगोलात शिकलो; पण आपल्या देवघरात टांगलेले पंचांग हेच भरतीचे वेळापत्रकही आहे, हे आम्हांस कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही, नाखव्याने सांगितले. अमरकोशातील नौकेचे शब्द, वल्ह्यास क्षेपणी व सुकाणूस अरित्र किंवा केनिपातक, आम्ही मुलांकडून घोकून घेत होतो. परंतु घोकणारांनी वल्हे कधी हाती धरले नव्हते, आणि घोकविणारानेही नाही!

पाण्याकडे पाठ

1853 साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धावली आणि 1863 साली ती बोरघाट चढली. त्या दिवशी पुण्याच्या उतारूने पनवेलच्या बंदराकडे पाठ फिरविली. माल व मीठ घेऊन मचवे पुढेही पुष्कळ वर्षे येत राहिले; पण मोटारी आल्या, 1973 साली वाशीचा खाडीपूल झाला, आणि तेही थांबले. आता 2024 सालापासून अटलसेतूवरून आमच्या घरची मंडळी एकवीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा पूल पाव तासात ओलांडतात. खाली समुद्र आहे याचे भान गाडीतील कोणास असते?

जेथून माणूस जात नाही, तेथे काय होते हे माणूस पाहत नाही. तळोज्याच्या कारखान्यांचे सांडपाणी कासाडी नदीतून खाडीस मिळत आले. 2017 सालच्या ऑगस्टात त्या बाजूची काही कुत्री अंगाने निळी झालेली दिसली, तेव्हा साऱ्या देशाची वर्तमानपत्रे हळहळली. पण मासे ज्यांच्या जाळ्यांतून नाहीसे झाले त्या कोळ्यांची हाकाटी त्यापूर्वी कित्येक वर्षांची होती. खाडीच्या काठी भराव पडले. 2025 सालच्या ऑक्टोबरात ज्याचे उद्घाटन झाले त्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाहच वळविण्यात आला. विमानतळ नको असे आमचे म्हणणे नाही. पुतण्याही विमानानेच आला. आमचे म्हणणे इतकेच की, या पाण्यावर रोज शंभर कुटुंबे हौसेने हिंडत असती, तर पाण्याचा रंग बदलला त्याच सायंकाळी गावात ओरड झाली असती. कोळ्याची तक्रार एकट्याची ठरते. विहारास निघालेल्या शंभर घरांची तक्रार नगराची होते. हे न्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही, पण जगाची रीत अशी आहे खरी.

विलायतेतील कालवे, नांगरवाडे व पांथशाळा

येथे पुतण्याने सांगितलेली हकीकत उपयोगी पडेल. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोळसा, लोखंड व चिनी मातीची भांडी नेण्यासाठी कालवे खणले गेले. बर्मिंगहॅम हे त्या जाळ्याचे मध्यस्थान. कालव्यावरील नाव जेमतेम सात फूट रुंद, पण लांबीला सत्तर फुटांपर्यंत. चढउताराच्या जागी पाण्याचे हौद बांधलेले असतात. नाव हौदात घ्यावी, मागचे दार लावावे, पुढचे पाणी सोडावे, म्हणजे नाव पाण्याबरोबर वर चढते. दारे उघडझाप करण्याचे काम प्रवाशांनीच करावयाचे. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतकी!

या कालव्यांचीही पनवेलच्या बंदरासारखीच दशा झाली. आगगाडीने धंदा नेला, मोटारीने उरलासुरला नेला, कालवे गाळाने भरले आणि कित्येक बुजविण्याची भाषा सुरू झाली. अशा वेळी 1939 साली टॉम रोल्ट नावाचा एक इंजिनियर पत्नीसह ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या नावेत संसार थाटून कालव्यांतून हिंडला. त्या प्रवासावरील त्याचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944 साली, महायुद्ध चालू असताना, प्रसिद्ध झाले. ते वाचून लोकांस आपल्या दाराशी काय कुजत पडले आहे याची जाणीव झाली. 1946 साली जलमार्ग वाचविण्यासाठी संस्था निघाली. गावोगावच्या स्वयंसेवकांनी सुटीच्या दिवशी चिखलात उतरून कालवे उपसले. आज तेथे दोन हजार मैलांहून अधिक जलमार्ग नावांस खुला आहे. माल जवळजवळ नाहीसा झाला. कालवे जगले ते हौशी लोकांमुळे.

पुतण्या व त्याची पत्नी दरसाल आठ दिवस भाड्याने नाव घेतात. सायंकाळ झाली की काठाशी यावे, लोखंडी मेखा ठोकून किंवा बसविलेल्या कड्यांस दोर बांधून नाव लावावी. सामान्यतः एका जागी चौदा दिवसांपेक्षा अधिक राहू नये असा दंडक आहे, म्हणजे चांगली जागा एकाच्याच बापाची होत नाही. “आणि रात्रीचे जेवण?” वहिनींनी विचारले. “बहुधा काठावरच्या पबात, काकू.” हे ऐकून वहिनींच्या हातातील डाव थांबला. पब म्हणजे दारूचे दुकान, एवढे त्यांस ठाऊक. पुतण्या हसून म्हणाला, “काकू, तिथे लिंबाचे सरबतही मिळते आणि बटाट्याचे तळलेले कापही. शेकोटीशी म्हातारी माणसे वर्तमानपत्र वाचीत बसतात, कुत्री पायाशी निजलेली असतात. कालवा कुठे बंद आहे, कुठे पाणी कमी आहे, ते तिथेच कळते.”

मद्याचे समर्थन करण्यास आम्ही ही लेखणी उचललेली नाही. सुकाणू हाती असलेल्याने पेला हाती घेऊ नये, हे जसे विलायतेत खरे तसे येथेही खरे. आणि आपल्याकडे सहलीच्या नावेवर बाटल्या घेऊन चढणारी जी टोळकी दिसतात, त्यांच्याबरोबर कुटुंबवत्सल माणसाने पाय ठेवू नये. पण पेला बाजूस सारून पाहिले तर पब म्हणजे जलप्रवाशांची पांथशाळाच होय. काठावर बसण्यास जागा, पोटात घालण्यास चार घास, आणि पाण्याची खबर सांगणारा माणूस, या तीन गोष्टी असल्या म्हणजे पाण्यावर मनुष्याचा राबता राहतो. केरळात असेच घडले. तांदूळ वाहणारी केट्टुवळ्ळम नावाची मोठी नाव रस्त्यांमुळे निकामी झाली होती. तिच्यावर छप्पर व निजण्याच्या खोल्या करून गेल्या शतकाच्या अखेरीस तिचे तरते घर बनविले. तेथे आता अतिरेक होऊन वेंबनाडच्या पाण्यास नावांचाच उपद्रव होऊ लागला आहे, हेही सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, हा साहेबी शौक आपणांस कशास? पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी मुठेच्या पाण्यावर 1928 सालापासून नौकामंडळ चालविले आहे. आणि नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील, दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ हा लष्करात गेल्यावर वल्हे मारण्यास शिकला आणि 2016 साली रिओच्या ऑलिंपिक स्पर्धेत एकेरी नौकेत तेरावा आला. ज्याच्या गावी पिण्यास पाणी नाही त्याने हे करून दाखविले. मग खाडीच्या काठी जन्मलेल्यांनी लाजावे का?

सूनबाईंचा आक्षेप

इतके सर्व बोलून आम्ही विजयी मुद्रेने सूनबाईंकडे पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, “बाबा, तुम्ही सर्व जा. मी मुलीला पाठविणार नाही.”

त्यांचे म्हणणे बिनतोड होते. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीस निघालेल्या प्रवासी नावेवर चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा माणसे गेली. त्याच वर्षी 21 मे रोजी उजनीच्या जलाशयात वादळात नाव उलटून सहा जण बुडाले. त्याच वर्षी 18 जानेवारीस बडोद्याच्या हरणी तलावावर शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मरण पावल्या. नावेत क्षमतेहून अधिक मंडळी होती आणि सर्वांच्या अंगावर तरंगती जाकिटे नव्हती. जुन्या पिढीस तर 17 जुलै 1947 हा दिवस विसरता येत नाही. रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसांस त्या एका सकाळी जलसमाधी मिळाली. आमच्या आजोबांच्या ओळखीची माणसे तीत होती, आणि आषाढी अमावास्या आली की ते त्या दिवशी फारसे बोलत नसत.

आम्ही संस्कृताचा आश्रय केला. म्हटले, “रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात रामपुत्र कुश सरयूवर नौकाविहार करतो. आपल्या पूर्वजांस पाण्याचे भय नव्हते.” सूनबाई इंजिनियर आहेत, पण शाळेत संस्कृत आमच्याकडेच शिकल्या. त्या म्हणाल्या, “बाबा, पाण्यात उतरण्यापूर्वी त्याने काय केले, तेही सांगा ना.”

आम्ही निरुत्तर झालो. कारण कालिदासाने ते स्पष्ट सांगितले आहे. राजाने प्रथम कोळ्यांकडून जाळी टाकवून नदीतील मगरी काढविल्या, काठावर राहुट्या उभारविल्या, आणि मग तो पाण्यावर गेला. एवढे करूनही त्याचे जैत्राभरण पाण्यात पडलेच. पण दागिना गेला, माणूस गेला नाही. “तर मग आधी मगरी काढा,” सूनबाई म्हणाल्या.

जी गोष्ट आम्ही अर्धीच सांगत होतो

तेवढ्यात वहिनी बोलल्या, “भावोजी, कोजागिरीची गोष्ट सांगा तिला. आणि या वेळी पुरती सांगा.”

ही गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षे हशा पिकवीत आली आहे. 1978 सालच्या कोजागिरीस धाकट्या काकांनी एक मचवा ठरविला. आम्ही अकरा माणसे, आटीव दुधाची कळशी, दडपे पोह्यांचा डबा व बाजाची पेटी घेऊन रात्री साडेनऊस भरतीबरोबर खाडीत निघालो. चांदणे असे की तिवरांचे पान न्‌ पान दिसत होते. बारा वाजता चंद्रास दुधाचा नैवेद्य झाला, काकांची नाट्यपदे सुरू झाली. साडेबारास नाखवा म्हणाला, “पाणी सुटलं, निघूया आता.” काकांनी आमच्याकडे पाहिले, कारण त्या वर्षी आम्ही नुकतेच मॅट्रिक झालो होतो आणि घरात आमच्या विद्वत्तेस भाव होता. आम्ही आणखी थोडा वेळ वल्ह्याने पाणी मोजले आणि त्रैराशिक मांडले: तासाभरात पाणी हातभरही उतरले नाही, म्हणून तीन तासांत तीन हातही उतरणार नाही, अर्थात घाई नको.

त्रैराशिक बरोबर होते, पाणी तसे वागत नाही. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारखे उतरत नाही. एकंदर उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन, मग एक. पहिला तास मनुष्यास फसवितो. त्यातून पौर्णिमेचे उधाण, म्हणजे चढही मोठा व उतारही मोठा. नाखव्याने दुसऱ्यांदा बजाविले, तेव्हा आम्ही त्यास त्रैराशिक समजावून दिले! तीन वाजण्याच्या आत मचवा गाळात बसला तो सकाळी नऊपर्यंत. घरी आजी देव पाण्यात घालून बसली होती. आणि आम्ही पाण्याशिवाय. येथवर आम्ही नेहमी सांगत असू, आणि येथे सर्व हसत.

उरलेली गोष्ट अशी. उजाडू लागले तेव्हा चिखलावर निवट्या टणाटण उड्या मारू लागल्या. काकांचा मुलगा, आमचा चुलतभाऊ, तेव्हा आठ वर्षांचा. त्यास मौज वाटली, आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने खाली उडी टाकली. तो कमरेपर्यंत गेला. धडपडला तसा छातीपर्यंत गेला. काका उडी टाकणार तोच नाखव्याने त्यांस दंड धरून मागे ओढले, आणि आयुष्यात प्रथमच कोणी त्यांस “खाली बसा” असे दरडावले. मग त्याने मचव्याची फळी चिखलावर टाकली, तीवर स्वतः पालथा पडला आणि हातहात सरकत मुलापाशी गेला. मुलास काढण्यास किती वेळ लागला हे आम्हांस सांगता येणार नाही. घड्याळ पाहण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. परत येताना नाखवा एक शब्द बोलला नाही. काकांनी त्यास भाड्यावर पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. आम्ही त्याची क्षमा मागावयास हवी होती, मागितली नाही. तो आता हयात नाही.

तो आठ वर्षांचा मुलगा म्हणजे बर्मिंगहॅमच्या पुतण्याचा बाप. तो त्याच पंक्तीस जेवीत होता. पुतण्यास यातील काही ठाऊक नव्हते. त्याने बापाकडे पाहिले, तेव्हा आमचा भाऊ इतकेच म्हणाला, “मला त्या माणसाचा हात आठवतो. बाकी काही आठवत नाही.” आणि आमच्या ध्यानात आले की, सत्तेचाळीस वर्षांत तो एकदाही होडीत बसलेला आम्ही पाहिला नाही. आम्ही मात्र दर कोजागिरीस त्याच्यादेखत ही गोष्ट सांगून हसवीत होतो.

ऐरोलीची नाव

शेवटी सूनबाईंनीच मार्ग काढला. बंदर रोडच्या टोकास तर कुटुंबास बसण्याजोगी नाव आम्हांस मिळाली नाही. परंतु ठाण्याची खाडी 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाली असून, 2022 साली तिची गणना जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली आहे. ऐरोलीस वनखात्याच्या केंद्रातून पक्षी दाखविण्यासाठी नाव सुटते. सूनबाईंनी चौकशी करून जागा राखल्या आणि आम्हांस म्हणाल्या, “बाबा, तिथे वेळ भरतीप्रमाणे ठरते. माघ शुद्ध तृतीया आहे, तुम्हीच हिशेब करा.” आम्ही केला: तीन पाऊणे सव्वादोन. केंद्राने आम्हांस दीड वाजता धक्क्यावर बोलाविले होते. तिथी व सरकार यांचे इतके एकमत आम्ही क्वचितच पाहिले आहे.

धक्क्यावर प्रत्येकाच्या अंगावर जाकीट चढवून, बंद आवळून, मगच नावेत घेतले. वहिनींनी नऊवारीवर ते नारिंगी जाकीट घातले तेव्हा नात हसली. वहिनी हसल्या नाहीत, त्यांनी बंद स्वतः पुन्हा ओढून पाहिला. आमचा भाऊ धक्क्यापर्यंत येईन, पुढे नाही, असे म्हणून आला होता. नावाड्याने त्यास काही न विचारता हात पुढे केला. भावाने क्षणभर त्या हाताकडे पाहिले आणि तो चढला.

दोन्ही काठांस तिवरांची दाट राई. पाणी वर चढत होते तसतसे चिखलावरचे पक्षी माघार घेत एकत्र जमत होते. प्रथम दूरवर गुलाबी रेघ दिसली, मग ती रेघ पायांवर उभी राहिली. हजारो रोहित एकाच वेळी माना खाली घालून चिखल गाळीत होते. नातीने विचारले, “आजोबा, हे पाणी आणि आपल्या गटाराचे पाणी वेगळे का?” आम्ही सांगितले की, पाणी एकच, पनवेलची खाडीही पुढे याच पाण्यास मिळते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग आपलेपण स्वच्छ करता येईल.” कुटुंबातील थोरांनी एवढे महिनाभर बोलून जे सिद्ध केले नव्हते, ते तिने एका वाक्यात केले.

कुटुंबांस विनंती

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे की, नौकाविहारास जरूर जावे. पण मगरी आधी काढून. जाकीट सर्वांस नसेल तर नावेत पाय ठेवू नये, मग भाड्याचे पैसे बुडाले तरी चालतील. नाव नोंदलेली आहे का, किती माणसांची आहे व किती चढविली आहेत, हे घरातील एकाने मोजावे. 2021 च्या कायद्याने अंतर्देशीय नावांची नोंदणी व तपासणी बंधनकारक केलेली आहे, तेव्हा विचारण्यात संकोच कसला? पावसाळ्यात व वाऱ्यात हौस आवरावी. निघण्यापूर्वी तिथी पाहावी. आणि नाखवा म्हणाला “निघूया”, की पद अर्धे सोडून उठावे. त्याने ते ज्ञान आपल्या शाळेत मिळविलेले नाही, म्हणून ते कमी दर्जाचे नव्हे. आमच्या अनुभवाने ते वरच्या दर्जाचे आहे.

पनवेलच्या नागरिकांस व महानगरपालिकेसही आमचे एक मागणे आहे. बंदर रोडच्या टोकास नाव लावण्यास एक साधा धक्का, दोन लोखंडी कड्या, सावलीचे बाक, आणि कोळीवाड्यातील बायाबापड्यांनी चालविलेले चहाफराळाचे एक दुकान, एवढे झाले तर आमची पांथशाळा झाली. गाळ उपसणे व सांडपाणी थांबविणे हे मोठे काम आहे, ते एका दिवसात होणार नाही. पण इंग्लंडातील कालवेही एका दिवसात उपसले गेले नाहीत. त्यांस प्रथम आपल्या पाण्यावर हिंडू इच्छिणारी माणसे मिळाली, मग उपसणारे हात मिळाले.

पुतण्या परत गेला. जाताना त्याने बापास विचारले की, पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला आलात तर कालव्यावर याल का? आमच्या भावाने होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. “तिथे भरती-ओहोटी असते का?” एवढेच त्याने विचारले. पुतण्या म्हणाला, “नाही, बाबा. पाणी असते तिथेच असते.”

“मग पाहू,” भाऊ म्हणाला.